नेम बरोबर, तरी गडी वाचला कसा?

मोबाइलवर किंवा संगणकावर दूरच्या मित्रांबरोबर खेळताना पुढील प्रसंग तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवला असेल. समोरचा गडी उघड्यावरून धावत आहे. तुम्ही शांतपणे नेम धरता आणि बटण दाबता. नेम अगदी त्याच्या छातीवर आहे, यात शंका नाही. पण गडी पडत नाही! तो तसाच धावत भिंतीआड जातो. उलट, पुढच्या डावात तुम्ही भिंतीमागे सुखरूप पोचलेले असता आणि नेमकी तेव्हाच तुम्ही बाद झाल्याची पाटी पडद्यावर झळकते. मग घरात एकच ओरड होते, "नेट स्लो आहे, मोठा प्लॅन घ्या!"

वडील मोठा प्लॅन घेतात. दरमहा दोन-तीनशे रुपये जास्त जातात. चित्रपट लवकर उतरतात, पण खेळ मात्र पूर्वीसारखाच अडखळतो. या अडखळण्याला, रेंगाळण्याला खेळाडू 'लॅग' म्हणतात. पैसे खर्च करूनही लॅग का जात नाही, हे समजण्यासाठी दोन गोष्टींची गल्लत आधी दूर केली पाहिजे.

आंब्याचा ट्रक

देवगडहून आंब्याच्या पेट्या भरून एक ट्रक संध्याकाळी निघतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वाशीच्या बाजारात पोचतो. व्यापाऱ्याने एकाऐवजी दहा ट्रक पाठविले, तर बाजारात दसपट पेट्या येतील. पण पहिली पेटी रात्री बारा वाजता येईल काय? नाही. ती पहाटेच येणार. ट्रकांची संख्या वाढली म्हणून वाट कमी होत नाही.

इंटरनेटच्या जाहिरातीत ज्याला 'स्पीड' म्हणतात, तो खरे पाहता ट्रकांची संख्या आहे. १०० एमबीपीएस याचा अर्थ एका सेकंदात १० कोटी बिट आत येऊ शकतात. ती झाली वाहिनीची क्षमता. एखादा बिट निघाल्यापासून पोचेपर्यंत किती वेळ लागतो, हे या आकड्यावरून कळत नाही. त्या वेळाला आपण विलंब म्हणू. माझ्या मते क्षमतेला 'स्पीड' हे नाव देऊन कंपन्यांनी लोकांचा मोठाच गोंधळ करून ठेवला आहे.

आता खेळाला क्षमता किती लागते ते पाहू. चित्रे, आवाज, नकाशे हे सारे तुमच्या यंत्रात आधीच साठविलेले असते. खेळ चालू असताना जाते-येते ती फक्त बातमी: अमुक गडी अमुक जागी आहे, तोंड अमुक दिशेला आहे, त्याने बटण दाबले. अशा बातमीचे एक पुडके साधारण १०० बाइटचे धरा आणि सेकंदाला ६० पुडकी जातात असे समजा. म्हणजे सेकंदाला ६,००० बाइट, अर्थात ४८,००० बिट. १० एमबीपीएसच्या साध्या जोडणीतही याच्या २०० पट जागा असते! रोज एकच पेटी पाठविणाऱ्याने दहा ट्रक भाड्याने घ्यावेत, तसा तो मोठा प्लॅन.

प्रतिध्वनी मोजणारा माणूस

विलंब मोजायचा कसा? कड्यासमोर उभे राहून तुम्ही 'ओ' दिलीत आणि एका सेकंदाने प्रतिध्वनी आला, तर कडा सुमारे १७० मीटरवर आहे हे तुम्ही सांगू शकता, कारण ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो आणि त्याला जाऊन परत यायचे असते. पाणबुडीतील सोनार यंत्रही हेच करते. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकन सैन्याच्या एका प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक म्यूस यांनी संगणकांच्या जाळ्यासाठी असाच एक छोटा कार्यक्रम लिहिला. दूरच्या संगणकाला एक पुडके पाठवायचे, त्याने ते तसेच परत करायचे आणि मधला वेळ मोजायचा. सोनारच्या आवाजावरून त्यांनी त्याला 'पिंग' हे नाव दिले. खेळाच्या पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारा 'पिंग ६२' हा आकडा तोच. पुडके जाऊन परत येण्यास ६२ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे ६२ हजारांश भाग, लागले.

हा वेळ जातो कोठे? काही वाटेवर, काही रांगेत, काही हवेत आणि थोडा दोन्ही टोकांच्या यंत्रांत. यांपैकी वाटेवरचा वेळ जगातील कोणताही प्लॅन कमी करू शकत नाही.

प्रकाशालाही चालावे लागते

आपली पुडकी बहुतेक प्रवास काचेच्या केसासारख्या तंतूंतून, प्रकाशाच्या स्पंदांच्या रूपाने करतात. पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे प्रकाश तंतूबाहेर निसटत नाही, हे तुम्ही शिकला आहात. पुरेशी शुद्ध काच केली, तर अशा तंतूंतून दूरवर संदेश पाठविता येतील, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ साली दाखवून दिले आणि त्यासाठी २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पण काचेत प्रकाश मंदावतो. निर्वातात त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर असतो. तंतूच्या काचेचा अपवर्तनांक (जुन्या पुस्तकांतील वक्रीभवनांक) सुमारे १.४७ आहे. भागाकार केलात, तर काचेतील वेग सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर येतो. यावरून एक सोपा आडाखा मिळतो: दर १०० किलोमीटर अंतरासाठी जाऊन-येऊन १ मिलिसेकंद.

समजा, तुम्ही मुंबईत आहात आणि खेळ चालविणारा संगणक, ज्याला सर्व्हर म्हणतात, सिंगापूरला आहे. सरळ रेषेत अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. म्हणजे पिंग किमान ३९ मिलिसेकंद. एवढा वेळ निसर्गच घेतो. शिवाय समुद्राखालील केबल सरळ रेषेत जात नाही. तिला भारताच्या दक्षिण टोकाला वळसा घालून मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जावे लागते आणि वाटेत ठिकठिकाणी यंत्रेही लागतात. त्यामुळे प्रत्यक्षात साधारण ६० मिलिसेकंद लागतात. जर्मनीतील फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटरवर आहे. तेथील सर्व्हर निवडलात, तर पिंग शंभरावर जाणार, हे खेळ सुरू करण्यापूर्वीच सांगता येते. याउलट सर्व्हर मुंबईत असेल, तर पुण्याच्या खेळाडूला वाटेपोटी जेमतेम एक-दोन आणि नागपूरच्या खेळाडूला सात-आठ मिलिसेकंद लागावेत.

येथे 'लागावेत' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. पुडके कोणत्या वाटेने जाईल, हे तुमची इंटरनेट कंपनी आणि सर्व्हरची कंपनी यांच्यातील जोडण्यांवर ठरते. शेजारच्या गावाला जाणारे पत्र आधी जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन मग परत यावे, तसे पुडक्यांच्या बाबतीतही घडते.

कधी वाटच तुटते. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ काही केबल तुटल्या. त्या वाटेने जाणारा संदेशव्यवहार दुसऱ्या, लांबच्या मार्गांनी वळवावा लागला आणि मध्यपूर्वेतून जाणाऱ्या वाहतुकीचा विलंब वाढल्याचे मायक्रोसॉफ्ट कंपनीने ग्राहकांना कळविले. जोडणी चालू होती, वाट मात्र लांबली होती.

उपग्रहाचे गणित याहून मजेशीर आहे. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. प्रश्न वर-खाली आणि उत्तर वर-खाली, असे चार वेळा ते अंतर तोडायचे. सुमारे १ लाख ४३ हजार किलोमीटर! प्रकाशाच्या पूर्ण वेगानेही ४८० मिलिसेकंदांच्या आसपास लागणार. म्हणूनच इंटरनेटसाठी अलीकडे सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून फिरणारे शेकडो, हजारो उपग्रह सोडतात. तेथे हाच हिशेब सात-आठ मिलिसेकंदांवर येतो.

इतक्याशा वेळाने बिघडते काय?

तुम्ही म्हणाल, हजारांश सेकंदाची एवढी चर्चा कशाला? माणूस काय इतका चपळ आहे? मग हा प्रयोग वर्गात करून पाहा. मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबकळत ठेवायला सांगा. शून्याच्या खुणेजवळ तुमचा अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवा. मित्र न सांगता पट्टी सोडेल, ती तुम्ही पकडायची. किती सेंटिमीटरवर पकडलीत ते पाहा. मुक्त पतनाच्या सूत्रावरून वेळ काढता येतो. २० सेंटिमीटरवर पकडली, तर तुम्हाला सुमारे ०.२ सेकंद, म्हणजे २०० मिलिसेकंद लागले. बहुतेकांचे उत्तर याच्या आसपास येते.

म्हणजे १०० मिलिसेकंदांचा विलंब हा तुमच्या चपळाईच्या निम्म्याइतका झाला. दोन तुल्यबळ खेळाडूंपैकी एकाचा सर्व्हर जवळ आणि दुसऱ्याचा दूर असेल, तर दुसऱ्याने पट्टी सुमारे पाच सेंटिमीटर खाली गेल्यावर पकडायला सुरुवात करावी, तसे ते होईल. सराव करून माणूस आपली चपळाई इतकी वाढवू शकत नाही. म्हणून दूरच्या गावातील एखादा मुलगा हरतो, तेव्हा तो खेळात कच्चा आहे असा निष्कर्ष लगेच काढू नये.

घरातली रांग

आता दुसरे कारण. संध्याकाळी सात वाजता पिंग ४० आहे आणि सव्वासात वाजता अचानक ५००. सिंगापूर काही पंधरा मिनिटांत लांब सरकले नाही. मग झाले काय? बहुधा घरातील कोणाचा तरी मोबाइल लग्नाचे दीडशे फोटो इंटरनेटवरील साठ्यात चढवू लागला आहे.

घराबाहेर जाणारी सर्व पुडकी राउटर नावाच्या पेटीतून जातात. बाहेरची वाट अरुंद असेल आणि पुडकी भराभर येत असतील, तर राउटर त्यांना आपल्या स्मरणसाठ्यात रांगेत उभे करतो. समजा, तुमच्या जोडणीतून बाहेर १० एमबीपीएस जाऊ शकते आणि रांगेत ५ लाख बाइट, म्हणजे ४० लाख बिट उभे आहेत. शेवटच्या पुडक्याला ०.४ सेकंद थांबावे लागेल. तुमच्या खेळाचे ते चिमुकले १०० बाइटचे पुडके या फोटोंच्या मागे उभे असते. एका पोस्टकार्डासाठी खिडकीवर गेलेल्या माणसापुढे पोतीभर पार्सले घेतलेला माणूस असावा, तशी त्याची गत होते.

याच्या मुळाशी एक विचित्र गोष्ट आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात, एकमेकांपासून काही शे मीटरवर असलेल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली येथील विद्यापीठ यांच्यामधील जोडणी जवळजवळ ठप्प झाली. सेकंदाला ३२,००० बिट जायचे तेथे ४० बिट जाऊ लागले! तेथील व्हॅन जेकबसन यांनी याचा शोध घेतला आणि फाइल पाठविणाऱ्या संगणकांसाठी शिस्त घालून दिली: वेग हळूहळू वाढवा, एखादे पुडके गहाळ झाले, तर पुढे गर्दी आहे असे समजून वेग कमी करा. या शिस्तीवर इंटरनेट तगले.

पुढे स्मरणसाठा स्वस्त झाला. 'एकही पुडके हरवता कामा नये' अशा सद्‌हेतूने राउटर बनविणाऱ्यांनी पेट्यांत मोठमोठे साठे घातले. परिणाम उलटा झाला. साठा मोठा म्हणून पुडके गहाळ होत नाही, पुडके गहाळ होत नाही म्हणून पाठविणाऱ्याला गर्दी कळत नाही, आणि गर्दी कळत नाही म्हणून तो वेग वाढवीतच राहतो. रांग भरून वाहेपर्यंत वाढते आणि तशीच राहते. २०१० साली जिम गेटिस या संगणक अभियंत्याला घरून मोठी फाइल पाठविताना सेकंदाहून अधिक विलंब दिसला. त्याचा माग काढत तो या कारणापर्यंत पोचला आणि त्याने या दुखण्याला 'बफरब्लोट' असे नाव दिले. मराठीत आपण 'रांगफुगी' म्हणू या!

उपायही जेकबसन यांनीच, कॅथलीन निकोल्स यांच्याबरोबर, २०१२ साली सुचविला. रांगेची लांबी मोजू नका. पुडके रांगेत किती वेळ थांबले ते मोजा. थोडी रांग केव्हाही लागते, त्यात गैर नाही. पण १०० मिलिसेकंदांच्या अवधीत प्रत्येक पुडक्याला ५ मिलिसेकंदांहून अधिक थांबावे लागत असेल, तर एक पुडके मुद्दाम टाकून द्या. पाठविणाऱ्याला इशारा मिळतो आणि तो वेग आवरतो. या पद्धतीला 'कोडेल' म्हणतात. तिच्याच 'एफक्यू-कोडेल' या भावंडात प्रत्येक कामाची रांग वेगळी असते. फोटो त्यांच्या रांगेत, खेळ त्याच्या रांगेत. पाच-सहाशे रुपये खर्चून मोठा प्लॅन घेण्यापेक्षा आपल्या राउटरमध्ये ही सोय आहे का, हे पाहणे अधिक शहाणपणाचे.

हवेतील गर्दी

राउटरपासून मोबाइलपर्यंतचा शेवटचा दहा मीटरचा प्रवास वाय-फायने, म्हणजे रेडिओतरंगांनी होतो, आणि पुष्कळदा खरा घोटाळा येथेच असतो. वाय-फायची हवा सामाईक असते. एक यंत्र बोलत असताना त्याच वाहिनीवरील इतरांनी गप्प बसायचे. आधी कानोसा घ्यायचा, शांतता असेल तर बोलायचे, दोघे एकदम बोलले तर दोघांनीही पुन्हा बोलायचे. इमारतीत वीस घरांचे वीस राउटर असले, म्हणजे कल्पना करा. त्यातच २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात मायक्रोवेव्ह भट्टीही येते. तिची वारंवारता सुमारे २.४५ गिगाहर्ट्‌झ असते आणि तिच्यातून निसटणारे थोडेसे तरंगसुद्धा वाय-फायला त्रास देऊ शकतात.

यामुळे विलंब नुसता वाढत नाही, तो डळमळीत होतो: ४०, ४२, १९०, ४१, २६०. या चढउताराला 'जिटर' म्हणतात. खेळाडूला सतत ८० असलेला पिंग परवडतो, पण असा उड्या मारणारा परवडत नाही, कारण हात एका विलंबाला सरावतो आणि तो विलंबच बदलतो. राउटरपासून संगणकापर्यंत साधी तार ओढली, की हा सारा गोंधळ एका फटक्यात संपतो. मोबाइलला तार जोडणे अवघड. तेथे राउटर त्याच खोलीत आणावा किंवा ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा निवडावा. हे तरंग भिंतींपलीकडे कमी पोचतात. शेजाऱ्यांचेही कमी पोचतात, हा फायदाच!

पंच काळ मागे नेतो

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गडी वाचला कसा, आणि भिंतीमागे असूनही तुम्ही बाद कसे?

पूर्वी लोक पोस्टकार्डांवर बुद्धिबळ खेळत. एक खेळी लिहायची, टपालात टाकायची आणि उत्तराची वाट पाहायची. डाव महिनोन्‌महिने चाले. पण कोणी लॅगची तक्रार केली नाही, कारण एकाची खेळी झाल्यावरच दुसऱ्याने खेळायचे असते. आता पोस्टकार्डांवर कबड्डी खेळायची ठरविली तर? सारे गडी एकाच वेळी हालतात. चढाई करणाऱ्याने 'शिवले' म्हणून कार्ड टाकले आणि बचावणाऱ्याने त्याच क्षणी 'मी सरकलो' म्हणून कार्ड टाकले, तर पंचाने काय करावे?

ऑनलाइन खेळातील सर्व्हर हा असा पंच आहे. खरा डाव त्याच्याकडे चाललेला असतो. तुमच्या पडद्यावर दिसते ती त्या डावाची थोडी जुनी बातमी. १९९६ च्या जूनमध्ये आलेल्या 'क्वेक' या खेळात नियम कडक होता. तुम्ही पुढे जाण्याची कळ दाबली, की ती सर्व्हरकडे जाणार, सर्व्हर मान्यता देणार आणि मग तुमचा गडी हालणार. टेलिफोनच्या तारेवरून मॉडेमने खेळणाऱ्यांना आपलाच पाय उचलायला पाव सेकंद थांबावे लागे. त्याच वर्षी डिसेंबरात खेळाचे कर्ते जॉन कारमॅक यांनी 'क्वेकवर्ल्ड' या आवृत्तीत तोड काढली. तुमच्या यंत्राने पंचाची वाट न पाहता तुमचा गडी लगेच हालवायचा, 'पंच हेच म्हणेल' असा अंदाज धरून. पंचाचा निकाल वेगळा आला, तर गुपचूप दुरुस्ती करायची. कधी कधी धावता धावता तुमचा गडी एकदम मागे ओढल्यासारखा होतो ना? ती ही दुरुस्ती.

अंदाजावर खेळणे यात लबाडी काही नाही. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू गोलंदाजाच्या हातून सुटून फलंदाजापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत येतो. त्यातले ०.२ सेकंद तर दिसून हालचाल सुरू होण्यातच जातात. फलंदाज चेंडू आहे तेथे नव्हे, असेल तेथे बॅट नेतो.

परंतु दुसऱ्या खेळाडूंच्या मनात काय आहे, याचा अंदाज तुमच्या यंत्राला करता येत नाही. ते तुम्हाला जुन्याच जागी दिसतात. १०० मिलिसेकंदांत, सेकंदाला ६ मीटर धावणारा गडी ६० सेंटिमीटर पुढे जातो, म्हणजे अंगाच्या रुंदीपेक्षा जास्त. सुरुवातीच्या काळात खेळाडू गड्याच्या पुढे, रिकाम्या जागेत नेम धरीत. ज्याचा पिंग जास्त, त्याने जास्त पुढे! व्हॉल्व्ह कंपनीच्या 'हाफ-लाइफ' खेळासाठी याहून धीट युक्ती योजली गेली. तिचे सविस्तर वर्णन यान बर्नियर यांनी २००१ साली केले. पंच प्रत्येक गड्याच्या मागील क्षणांतील जागा टिपून ठेवतो. तुमची गोळी आल्याची बातमी मिळाली, की तो सारे गडी तुम्ही बटण दाबताना तुम्हाला जेथे दिसत होते तेथे मनातल्या मनात परत नेतो आणि नेम बरोबर होता का ते तपासतो.

एक उदाहरण घेऊ. तुमचा पिंग ८० आणि समोरच्या गड्याचा ४०. हिशेब सोपा राहावा म्हणून जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखा धरू. पंचाने पाहिलेले दृश्य ४० मिलिसेकंदांनी तुम्हाला दिसते. तुम्ही तत्काळ गोळी झाडता. ती बातमी आणखी ४० मिलिसेकंदांनी पंचाकडे पोचते. तेवढ्यात गडी ४८ सेंटिमीटर सरकून भिंतीआड गेलेला आहे. पंच काळ ८० मिलिसेकंद मागे नेतो आणि म्हणतो, 'लागली.' हा निकाल त्या गड्याला २० मिलिसेकंदांनी कळतो. शिवाय त्याचे यंत्र अंदाजाने त्याला पंचाच्याही २० मिलिसेकंद पुढे दाखवीत असते. एकूण १२० मिलिसेकंद. म्हणजे त्याच्या पडद्यावर तो भिंतीमागे ७२ सेंटिमीटर आत आहे आणि तरीही बाद होतो!

दोघेही खरे बोलत आहेत. तुमच्या पडद्यावर तो उघड्यावर होता, त्याच्या पडद्यावर तो आडोशाला होता. कोणावर अन्याय करायचा, हे विज्ञान सांगत नाही. ते खेळ बनविणारा ठरवितो. बहुतेकांनी नेम धरणाऱ्याच्या बाजूने कौल दिला आहे. मला तो पटतो. बरोबर नेम धरूनही गोळी न लागणे माणसाला जास्त खटकते. मात्र काळ किती मागे न्यावा याला मर्यादा ठेवावीच लागते, नाही तर फार मोठ्या विलंबाचा खेळाडू मघाच निसटून गेलेल्यांना टिपत राहील. त्या मर्यादेबाहेर गेलात, किंवा तुमचे बातमीचे पुडके वाटेत हरवले, की नेम बरोबर असूनही गडी वाचतो.

हरवलेले पुडके पुन्हा का मागवीत नाहीत? कारण खेळातील बातमी ही काल सुटलेल्या गाडीच्या वेळेसारखी असते. नवी बातमी १६ मिलिसेकंदांत येणारच आहे, मग जुनीसाठी सगळ्यांना कशाला थांबवायचे? म्हणून असे खेळ बहुधा पोचपावती मागणाऱ्या पद्धतीऐवजी यूडीपी ही साधी पद्धत वापरतात. 'टाकले पत्र, पोचले तर पोचले', अशी ती १९८० सालापासूनची पद्धत आहे.

दुखणे ओळखावे कसे?

औषधापूर्वी निदान. संगणकाच्या आज्ञाखिडकीत रोमन लिपीत पिंग हा शब्द आणि त्यापुढे आपल्या राउटरचा आकडी पत्ता लिहा. तो १९२.१६८.१.१ असा काहीसा असतो आणि पेटीखालील चिकटपट्टीवर छापलेला सापडतो. उत्तर एक-दोन, फार तर पाच मिलिसेकंद यावे. येथेच ५०, १०० असे आकडे उड्या मारीत असतील, तर दोष हवेत आहे. कंपनीला दूरध्वनी करून उपयोग नाही. हे ठीक असेल, तर बाहेरच्या एखाद्या पत्त्यावर पिंग करा. एकदा घरात सारे शांत असताना आणि एकदा मोठी फाइल चढवीत असताना. दुसऱ्या वेळी आकडा अनेक पटींनी वाढला, तर ती रांगफुगी. दोन्ही वेळा सारखाच पण मोठा आला, तर वाट लांब आहे. खेळाच्या मांडणीत जवळचा सर्व्हर निवडा. रात्री नऊला खराब आणि पहाटे सहाला उत्तम, असे रोज होत असेल, तर गर्दी कंपनीच्या जाळ्यात आहे आणि तेव्हा मात्र वेळ, तारीख आणि आकडे लिहून तक्रार जरूर करावी. आकड्यांनिशी केलेली तक्रार टाळणे अवघड जाते.

डीएनएस बदला म्हणजे पिंग कमी होतो, असे पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात. डीएनएस ही इंटरनेटची टेलिफोन डिरेक्टरी आहे. नंबर सापडेपर्यंतच तिचा उपयोग. डिरेक्टरी बदलली म्हणून बोलणे लवकर ऐकू येत नाही. पिंग कमी करून देतो म्हणणारी ॲपेही विकली जातात. तुमच्या कंपनीची वाट विनाकारण लांबची असेल, तर क्वचित त्यांचा उपयोग होतो. एरवी ती प्रवासात एक थांबा वाढवितात. आणि ज्यांचा पिंग उत्तम असूनही चित्र अडखळते, त्यांनी इंटरनेटला दोष देऊ नये. त्यांचा मोबाइल तापलेला तरी असतो किंवा त्याच्या ताकदीबाहेरची चित्रे त्याला काढायला लावलेली असतात.

शिक्षकांना वर्गात करून घेता येईल असा एक उद्योग सांगतो. जगातील दहा-बारा विद्यापीठांच्या संकेतस्थळांना पिंग करा. काही जण उत्तर देणार नाहीत, त्यांना वगळा. प्रत्येकाचे सर्वांत लहान उत्तर घ्या आणि नकाशावरून त्या शहराचे अंतर मोजा. आलेखकागदावर आडव्या अक्षावर किलोमीटर आणि उभ्या अक्षावर मिलिसेकंद घेऊन बिंदू मांडा. आता १०० किलोमीटरला १ मिलिसेकंद या हिशेबाने शून्यातून एक सरळ रेषा काढा. तुमचे बिंदू या रेषेच्या वर पसरलेले दिसतील. बिंदू रेषेच्या जितका वर, तितकी वाट वाकडी किंवा रांग लांब. रेषेच्या खाली मात्र एकही बिंदू यायला नको. तरीही लंडनच्या एखाद्या संकेतस्थळाचे उत्तर ४ मिलिसेकंदांत आले, तर प्रकाशाने नियम मोडला असे समजू नका. त्या संकेतस्थळाची एक प्रत मुंबईतल्या कोणत्या तरी संगणकावर ठेवलेली आहे आणि लंडनच्या नावाने उत्तर तेथून आले आहे.